दोन म्हाताऱ्यांच्या सिनेमाचा निकाल

कंधार,
दि. २२ एप्रिल १९८६

जिवाभावाचे मित्र जलीलभाई अर्जनवीस यांना रामकिशनचा मनापासून जयभीम आणि सलाम, दोन्ही. बेगमबी भाभींनाही सलाम सांगा. त्यांचे गुडघे आता कसे आहेत आणि तुमच्या डोळ्यातलं पाणी थांबलं का, ते सविस्तर कळवा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पण कंधारच्या कोर्टासमोरची लिंबाखालची तुमची जागा अजून रिकामीच आहे. मध्ये एकाने टेबल मांडून पाहिलं होतं. अक्षर चांगलं होतं त्याचं, पण पक्षकाराचं गाऱ्हाणं ऐकताना तो जांभया द्यायचा, त्यामुळे टिकला नाही. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवे साहेब, म्हणजे तिकडे अर्जांना तोटा नाही, आणि म्हणून तुम्ही गेलात ते ठीकच केलंत. माझी तक्रार एवढीच की तुम्ही इथे असता तर पुढे लिहिलेला मूर्खपणा माझ्या हातून झाला नसता. तुम्ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला असता आणि मी गप्प बसलो असतो.

इकडची खुशाली म्हणाल तर पाणी सोडून सगळं आहे. टँकर एक दिवसाआड येतो (म्हणजे तसं ठरलेलं आहे). गल्लीत पहाटेपासून रांग लागते, ती माणसांची नव्हे, घागरींची. पंचफुलाबाई तुम्हाला आठवत असतील. सरकारी दवाखान्यात आया होत्या, आता रिटायर झाल्या. (तुमच्या धाकट्याच्या वेळी त्याच होत्या, भाभी अजून त्यांचं नाव काढतात.) त्यांची घागर नेहमी माझ्या घागरीला लागून असते. आमच्या कोंडाबाईला जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्या मालकांना जाऊन त्याहून जास्त. माझा मुलगा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात, त्यांची सिंधू लातूरला, जावई तुमच्याच नव्या कचेरीत शिपाई. म्हणजे इथे दोन घरं, दोन चुली आणि दोन माणसं. तर होळीच्या आधी एकदा रांगेत त्या म्हणाल्या, "रामकिशनराव, दोन घरला दोन घागरी लागून राहिल्या. एकच घर असलं तर एकीत भागंल का न्हाई?" एवढं विचारलं आणि टँकरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. जलीलभाई, मी तीस वर्षं कोर्टाचा बेलिफ होतो. समन्स हातात पडल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते मी हजार दारांत पाहिलं आहे. त्या दिवशी माझं तसं झालं. आनंद इतका झाला की भीतीच वाटली. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." म्हणजे थोडक्यात मी तारीख मागितली. त्यांनी ती दिली असं मी आपलं धरून चाललो.

आता सिनेमाचं सांगतो. मडिवाळप्पाच्या पत्र्याच्या टॉकीजचा रिवाज तुम्ही गेल्यावरही तसाच चालू आहे. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की तीनच्या पहिल्या खेळाला मला फुकट बसवायचं, आणि सुटल्यावर मी शेजारच्या करीमच्या हॉटेलात चहा पीत निकाल द्यायचा की घरच्या बायामाणसांनी हा सिनेमा बघावा की नाही. मी "हाव" म्हणालो की मडिवाळप्पा खडूने 'सहकुटुंब पाहावा' असा फळा लिहितो आणि शनिवारपासून बायकांची बाजू, जनाना, भरतो. बेलिफाने दारात वाचून दाखवलेला कागद खोटा नसतो, एवढ्या एका समजुतीवर हा मान मला बारा वर्षं मिळाला. (कुणी माझी मुलाखतच घेतली असती तर मारामाऱ्या मला सगळ्यात जास्त आवडतात हे कळून तो मान गेलाही असता.)

चार तारखेला जो सिनेमा लागला त्याचं नाव आता गावात कुणी घेत नाही, सगळे 'दोन म्हाताऱ्यांचा सिनेमा' म्हणतात. एक रिटायर झालेला विधुर आणि त्याच्या गल्लीतली एक विधवा, एवढीच गोष्ट. गाणी दोन, मारामारी नाही, आणि म्हातारा तर माझ्यापेक्षाही काळा. पुढच्या बाकांवरची पोरं पंख्याखाली बसायला आली होती. म्हाताऱ्याने आरशासमोर उभं राहून पांढऱ्या मिशीला काळा खिजाब लावायला घेतला तशी त्यांनी शिट्ट्या मारल्या. आमचे व्यंकटराव किराणावाले (वय सत्तर, मिशी काळीभोर) ताडकन उठले, "हे काय सिनेमे काढून राहिले, म्हणून पाऊस पडंना," असं म्हणून बाहेर गेले, आणि एक चप्पल आत राहिली म्हणून परत आले. ती चप्पल त्यांना शेवटपर्यंत सापडली नाही, त्यामुळे त्यांनी सगळा सिनेमा पाहिला. जनान्यात त्या दिवशी एकटी नागम्मा भाजीवाली होती, कारण ती कुणाच्या निकालाची वाट बघत नाही. म्हातारा बाईच्या शेजारी नुसताच बसून राहिला तेव्हा ती पडद्याला म्हणाली, "अय्यो, हात धर की तिचा. इंटरवल झाला तरी बसूनच ऱ्हायलाय." सगळी टॉकीज हसली. मीही हसलो.

पण इंटरवलनंतर एक जागा आली. बाई आजारातून उठलेली असते, हात वर होत नाहीत, आणि म्हातारा तिच्या केसांना तेल लावून देतो. त्याला ते नीट येत नाही. तेल कपाळावर ओघळतं, तो बोटाने पुसतो, आणि ती त्याचा हात धरून गालाशी ठेवते आणि सोडत नाही. बराच वेळ सोडत नाही. शिट्टी वाजली नाही, कुणी खोकलंही नाही. पोरांचीसुद्धा मान खाली गेली, जणू आईबापांच्या खोलीत चुकून पाऊल पडलं. आणि मला, जलीलभाई, तुमच्यापासून काय लपवू, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे कळलं की नऊ वर्षांत माझ्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात फक्त न्हाव्याचा लागला आहे. मला ती बाई हवीशी वाटली. पडद्यावरची नव्हे. मी रडलो. उपरणं तोंडाला लावून, नाक शिंकरल्याचं ढोंग करून, चांगला पाच मिनिटं रडलो.

बाहेर आलो तो ठाम ठरवून आलो होतो की फळा लिहायला सांगायचा, आणि तिथून तसंच पंचफुलाबाईंच्या दारात जायचं. करीमच्या हॉटेलात दहाबारा माणसं थांबलेलीच होती. करीमने चहा पुढे केला आणि अगदी सहज विचारलं, "बेलिफसाहेब, हिरो तुमच्याच उमरचा हाय म्हणं. कसं वाटलं?" सगळे हसले. करीमच्या मनात काही नव्हतं हे आज मला कळतं. त्या वेळी वाटलं की घागरींचं सगळ्या गावाला माहीत झालं आहे, नांदेडला मुलाला कळणार, सून तोंडाला पदर लावणार. आणि माझ्या तोंडून कोर्टाच्या आवाजात निघालं, "या वयात असले चाळे म्हणजे नादानपणा. घरच्या बायामाणसांनी बघू नये." वर आणखी चहा फुंकून प्यायलो. तो चहा मी अर्धा टाकून उठलो असतो तरी चाललं असतं, पण मी पूर्ण प्यायलो.

मडिवाळप्पाने बिचाऱ्याने फळा लिहिला, 'फक्त पुरुषांसाठी'. जे व्हायचं तेच झालं. शनिवारी उमरीपासूनची पोरं जीपला लटकून आली. आत दोन म्हातारे चहा पिताना दिसले. तिसऱ्या चहाला पोरांनी खुर्च्या मोडल्या. मडिवाळप्पा खुर्चीचा एक पाय हातात घेऊन माझ्या घरी आला आणि तो पाय माझ्या ओट्यावर ठेवून परत गेला. (पाय अजून इथेच आहे. न्यायला कुणी येत नाही.) आणि रविवारी, रोजगार हमीच्या कामाला सुट्टी म्हणून, नागम्माने गावभर सांगून बायका गोळा केल्या. जनाना पुरला नाही तेव्हा त्या पुरुषांच्या बाकांवर बसल्या. करीम सांगतो की सिनेमा सुटल्यावर एकही बाई लगबगीने घरी गेली नाही, सगळ्या हळूहळू चालत गेल्या. त्यात पंचफुलाबाई होत्या.

सोमवारी टँकर आला. त्यांनी आपली घागर पुढे सरकवली, नळी धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी त्याला नादानपणा म्हणले म्हणं. मी बघून आले. मला वाटलं व्हतं, तुमी रडले असताल." आता तुम्हीच सांगा, याला उत्तर किती सोपं होतं. फक्त "हाव" म्हणायचं होतं, आयुष्यभर जो शब्द वापरला तो. मी म्हणालो, "घागर भरली. नळी काढा."

चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीत त्या नव्हत्या. पांढऱ्या लुगड्यातल्या बायकांची रांग मी दोनदा मोजली. बुधवारी मुलाचं पत्र आलं: बाबा, इथे नांदेडला एक म्हाताऱ्यांचा सिनेमा येऊन गेला, तुमच्या सुनेला फार आवडला, तिकडे आला तर जरूर बघा, एकटे असता म्हणून लिहिलं. ज्याच्या भीतीने मी निकाल दिला तोच हे लिहून राहिला.

तर हा सगळा मजकूर लिहिण्याचं कारण एवढंच की तो सिनेमा या शुक्रवारी लातूरला लागतो आहे असं ऐकतो. तुम्ही आणि भाभी अवश्य बघा, कुणाचा निकाल ऐकू नका. बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा, उन्हात टेबल मांडू नका, आणि घरातल्या लहानमोठ्यांना माझी आठवण सांगा.

तुमचा जुना सोबती,
रामकिशन बेलिफ (रिटायर)

ता.क. – वर सिनेमाचं कारण लिहिलं ते खरं कारण नव्हे. पंचफुलाबाई दहा तारखेपासून लातुरात सिंधूकडे आहेत, मिरवणुकीतली रांग मी मोजली ती हे ठाऊक असूनच. कायमच्या गेल्या असं शेजारी म्हणतात. त्यांची पेटी स्टँडवर मीच नेली, खिडकीजवळची जागा धरली, कंडक्टरला सांगितलं, आणि गाडी हलताना काय बोललो ठाऊक आहे? "पोचल्यावर पत्र टाका." पगाराच्या कागदावर जिने जन्मभर अंगठा उठवला त्या बाईला. त्या म्हणाल्या, "टाकते." तर भाभींनी गुडघे बरे असतील तर एकदा सिंधूच्या घरी जावं, पंचफुलाबाईंना एकट्या गाठावं, आणि एवढंच सांगावं की रामकिशन पाच मिनिटं रडला होता. चिठ्ठी देत नाही, कारण ती सिंधूच वाचून दाखवणार.

ता.क. दुसरा, २४ तारीख – पत्र पेटीत टाकायला निघालो तोच पोस्टमन भेटला. लातूरचं कार्ड होतं. पत्ता सिंधूच्या अक्षरात, आणि मागची बाजू पूर्ण कोरी. पोस्टमन म्हणाला, चुकून राहिलं असेल. तेव्हा भाभींना कुठे पाठवू नका, त्यांचे गुडघे दुखतात. शनिवारी सकाळच्या गाडीने मीच येतो. कार्डावर काय लिहायचं होतं ते त्यांनाच विचारतो. काहीच नव्हतं म्हणाल्या, तर परतीची शेवटची गाडी चार वाजता आहे, ते मी पाहून ठेवलं आहे.