हुंकार थांबला तिथे

पूर्णा, शुक्रवार संध्याकाळ

"हुंकार थांबला की समजायचं, पोरगं झोपलंय न्हाईतर भ्यालंय," गोष्ट सांगताना आत्या म्हणायची. आज तेच डोक्यात घोळतंय.

संपादकबाईंना माझ्या गोष्टीचा शेवट खटकतोय. राक्षसाचा जीव पोपटात, ही जुनीच गोष्ट. मी ती पुढच्या शतकातल्या अंतराळयानात नेली. राक्षस म्हणजे मुलीला लहानाची मोठी करणारं यंत्र. शेवटी ती पोपटाची मान पिरगाळते आणि यंत्र कायमचं बंद पडतं. "तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे झेपेल?" बाईंनी विचारलं. मला कुठे माहीत? म्हणून त्याच वयाच्या लेकीला, रेवाला, वसतिगृहात फोन लावून वाचून दाखवलं. नांदेडला गेल्यापासून पहिल्यांदाच ती माझी गोष्ट ऐकत होती, लहानपणीसारखी हुं, हुं करत. पोपटाची मान पिरगाळली तेव्हासुद्धा हुं. मग ती मुलगी रिकाम्या यानात एकटीच जेवायला बसते, एवढं साधं वाक्य आलं. आणि हुंकार थांबला.

"भ्यालीस का गं?"

"न्हाई."

"मग, झोपलीस?"

"आई, झोपलेलं माणूस न्हाई म्हणतं का? लय येड्यासारखं विचारायलीस. ठेव आता, जेवणाची घंटा झाली."

ते वाक्य मी सहज लिहिलं होतं. माझ्याच रोजच्या एकटीच्या ताटावरून, बहुतेक. पण तिलाही तिथेच थांबावंसं वाटलं? एवढ्या मुलींच्या पंगतीत बसून? पोपटाचं काय करायचं ते बाईंनी ठरवावं, मला आता त्याची काळजी नाही.

उद्या फोन करून विचारणार आहे: रेवा, रविवारी जेवायला घरी येतेस का गं? क्लास आहे म्हणेल. तरी विचारणार आहे.