इनॉक्युलेशन : अर्थ आणि उपयोग

३ सप्टेंबर, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. खंड पडणार नाही.
आमचा 'रोजच्या इंग्रजीचा कोश' आय अक्षरापर्यंत आलाय. संपादकबाईंनी काल मला 'इनॉक्युलेशन' दिला. अर्थ, उपयोग आणि एक उदाहरण. मुदत महिनाअखेर. एवढ्याशा शब्दाला महिना? दोन दिवसांत उडवतो.
ही आज दोन दिवसांसाठी तिच्या ताईकडे गेली. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ही घर सोडून कधी एकटी राहिलेली नाही. दारातून दोनदा परत आली. एकदा छत्रीसाठी, एकदा उगीच.

४ सप्टेंबर
'लस टोचणे' असं लिहून बाईंच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्या तासात परत आलं. त्यांचं म्हणणं, बोलताना त्या अर्थाने हा शब्द आता कोण वापरतं? शेजारच्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, आम्ही शॉट म्हणतो, नाहीतर सरळ व्हॅक्सीन. इनॉक्युलेशन तिने शेवटचं परीक्षेत लिहिलं होतं.
शिवाय 'अनुस्वार'ने (आमचा मुद्रितशोधक, दुसऱ्याच्या चुका काढणं हा त्याचा विरंगुळा) दाखवून दिलं की मी स्पेलिंगमध्ये सुरुवातीच्या आयनंतर दोन एन घातलेत. एकच हवा. म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो.
हिचा फोन. तिकडे झोप लागत नाही, फार बोअर होतंय म्हणाली. मी सांगितलं, बोअर होतंय नव्हे, कंटाळा आलाय म्हण. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

७ सप्टेंबर
सापडला! तीन दिवस इंग्रजी पेपर चाळल्यावर शब्दाचा पत्ता लागला. स्वारी दंडावरून उठून डोक्यात जाऊन बसलीय. हल्ली माणसं भीतीविरुद्ध, अफवांविरुद्ध, टीकेविरुद्ध इनॉक्युलेट होतात. मोठं दुखणं नको असेल तर त्याचाच चिमूटभर डोस आधी घ्यायचा. अंगाला सवय होते.
आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही दोन दिवस गेली आणि आली, हा डोसच की! अधूनमधून अशी थोडी थोडी गेली की कायमचं जाण्याचा विषयच संपला. (गेल्या वर्षी तो विषय दोनदा निघाला होता. रागाच्या भरात.) हिला सगळं नीट समजावून सांगितलं. भाजी चिरता चिरता ऐकत होती. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात चार दिवस जाऊ का? मी आनंदाने हो म्हटलं.
संकल्प : हिच्या बोलण्यातल्या चुका काढणार नाही. आजपासून.

१५ सप्टेंबर
मध्ये आठ दिवस राहून गेले. कोशाचं काम फार.
दुसरा डोस चालू आहे. चार दिवसांचे सहा झाले. मला काहीसुद्धा होत नाही. रात्री जेवलो नाही, पण ते भूक नव्हती म्हणून. दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून ऑफिसला गेलो, ते मात्र लक्ष नव्हतं म्हणून. अनुस्वारने सगळ्यांना दाखवलं.

१८ सप्टेंबर
ही परवा आली आणि आज गेली. बॅग उघडलीच नाही, उलट स्वेटर आणि कानटोपी भरून घेतली. सप्टेंबरात! दूरदृष्टी आहे.
नर्स म्हणते, तिने ताईला बाजारात पाहिलं, ताई तिथला जिना भराभर चढत होती. फिजिओथेरपीचा गुण.
निघताना ही म्हणाली, तुझ्या त्या इनोकेशनचं काय झालं? मी उच्चार सुधारला. एकदाच. फार तर तीनदा. जाताना मागे वळून पाहिलं नाही. म्हणजे लस लागू पडतेय.

२४ सप्टेंबर
ही नोकरी करते त्या चष्म्याच्या दुकानातून हिने बदली मागून घेतली. ताईच्या घराजवळच्या शाखेत. हा बूस्टर डोस समजायचा.
फोनवर म्हटलं, ऑक्टोबरात आपण समुद्रावर जाऊ, नक्की. 'बरं' म्हणाली. पूर्वी मी असं काही म्हटलं की ही कॅलेंडर काढून बसायची. नंतर नंतर चिडायची. मग रडायची. आता नुसतं बरं. किती शांत झालीय!

२८ सप्टेंबर
तिसरा मसुदा परत. माझं उदाहरण होतं : बायको अधूनमधून गेल्यामुळे नवरा विरहाविरुद्ध इनॉक्युलेट झाला. बाई म्हणाल्या, रचना बरोबर आहे, पण वाक्य खरं वाटत नाही. लस कोणाला टोचली, कशाविरुद्ध टोचली, ते नीट बघा. मग माझ्या चुरगळलेल्या शर्टाकडे बघत विचारलं, घरी सगळं ठीक ना? हा कोशाचा प्रश्न नव्हता.
परवा जाऊन हिला घेऊन येतो. प्रयोग पुरे.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ५
दार ताईने उघडलं. काठी नाही, काही नाही. ही दुकानातून यायची होती. ताईने बसवलं आणि सांगितलं, भाऊजी, पहिल्या रात्री ती खूप रडली हो. घरी सोड म्हणून मागे लागली होती. दुसऱ्या खेपेला दोनच दिवस अवघड गेले. आता सात वाजेपर्यंत गाढ झोपते, गुणगुणत डबा भरते.
म्हणजे इतके दिवस डोस मी मोजत होतो आणि लस हिला लागत होती.
ही आली. मी एका दमात सगळं कबूल केलं. चुका काढणार नाही, तुझं ऐकून घेईन, समुद्रावर जाऊ, उद्याच जाऊ. हिने शांतपणे ऐकलं. बीपीची गोळी घेतलीस का विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाशी भांडता येतं. मग म्हणाली, तू असं बोललास की आधी आशा वाटायची रे. आता काहीच होत नाही.
बसस्टॉपवर बसून लिहितोय. दोन बस गेल्या. घरी जावंसं वाटत नाही. खूप भीती वाटतेय.

१ ऑक्टोबर
एक दिवस उशिरा शब्द दिला. एन एकच. उदाहरण नवं : त्याच्या आश्वासनांचे छोटे छोटे डोस घेऊन घेऊन ती त्याच्याविरुद्ध इनॉक्युलेट झाली होती.
बाईंनी लगेच पास केलं. म्हणाल्या, आता कसं अगदी रोजच्या वापरातलं वाटतं.
मी म्हटलं, हो, बावीस वर्षं वापरात होतं.