तिसऱ्या वळणापर्यंत

तोक्यो,
३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या जुन्या पाहुणघराची, र्योकानची जाहिरात टाकली. लिहिलंय, पाहुणा निघाला की मालकीणबाई फाटकात उभ्या राहून, गाडी तिसऱ्या वळणाआड जाईपर्यंत हात हलवतात. दोनशे वर्षांची परंपरा. लोकांना हल्ली परंपरा लागते गं. नव्या वर्षाला खोल्या भरल्या नाहीत तर र्योकानला कुलूप आणि तू माझ्याकडे सहाव्या मजल्यावर, हे आपलं ठरलंय. तेव्हा हात हलव, आणि गुडघे जप.

दुरूनच पाया पडतो,
हिदेयुकी


काकिसावा,
११ नोव्हेंबर

चि. हिदेयुकी यास,
अ. उ. आ.

पाहुण्यांची रीघ लागलीय. त्यांना जुनं घर हवं, पण जमीन गार नको; शेगडी हवी, धूर नको. एक बाई विचारत होत्या, ओढ्याचा आवाज रात्रीपुरता बंद करता येईल का.

ओसाकाचं एक जोडपं दुसऱ्या वळणावर फोटो काढायला थांबलं. मला आत जाता येईना! अर्धा तास हात हलवत उभी. टोफूवाल्या किनूबाईंना वाटलं घराला आग लागली. बादली घेऊन धावत आल्या. वर त्या जोडप्यानं अभिप्राय लिहिला, निरोप हृद्य, पण शेवटी हात जरा ढिला पडला. मेल्यांनो, हाताला काय मोटर बसवलीय?

आता खांदा उचलत नाही. आणि ही परंपरा काढलीस कुठून रे? तुझी आजी तर पाहुण्याचा पाय जोड्यात जायच्या आत दार लोटायची.

राग आहे, पण माया त्याहून जास्त.
तुझी आई


तोक्यो,
२० नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कुठून म्हणजे? अठराव्या वर्षी नोकरीसाठी निघालो, तेव्हा बसच्या मागच्या काचेतून पाहिलं की! तिसऱ्या वळणापर्यंत तू हात हलवत होतीस. मी इतका रडलो की शेजारच्या आजोबांनी रुमाल दिला. मला वाटलं, आपल्याकडे सगळ्यांनाच असा निरोप देतात.

यंदाही सुट्टीचं कठीण दिसतंय. लोभ आटू देऊ नकोस.

हिदेयुकी


काकिसावा,
२ डिसेंबर

चि. हिदेयुकी यास,
अ. उ. आ.

अरे गाढवा, निरोप कसला? तू डबा पायरीवर विसरला होतास. पंजा खाली करून ये, ये म्हणून बोलावत होते तुला! तू काही उतरला नाहीस. तो डबा रडत रडत मीच खाल्ला.

परवा दुखऱ्या खांद्यानं पंजा तसाच खाली पडला, तर पाहुणे तिसऱ्या वळणावरून परत आले. म्हणाले, बोलावलंत ना? आणखी एक दिवस राहिले. परक्यांना कळलं बघ.

नव्या वर्षाच्या सगळ्या खोल्या भरल्यात. पण डॉक्टर म्हणतात, महिनाभर हात हलवायचा नाही. माझ्या एकटीच्यानं होत नाही आता. कुलूप घालते, नाहीतर तू ये. या वेळी लांबून हात करत नाही, लिहून बोलावते.

वाट पाहणारी,
आई


तोक्यो,
७ डिसेंबर

ती. आईस नमस्कार.

शुक्रवारी दुपारच्या बसनं येतोय, राहायलाच. डबा करून ठेव. थंडीत फाटकाशी उभी राहू नकोस; तिसऱ्या वळणापासून मीच हात करतो.

हिदेयुकी