दीपगृहातल्या कुरोड्या

बाबा,

धुळवडीचा दिवस, दुपारचे बारा. दीपगृहाच्या वरच्या खोलीत, साहेबांसमोर, माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "पोरगीनं केलं साहेब. लहान हाये, समजत नाही तिले." मी आठ वर्षांची होते आणि मला सगळं समजत होतं. आता नोकरीतून निवृत्त होऊन कारध्याच्या घरात बसले आहे, समोर वैनगंगा वाहते आहे, आणि माझा संताप अजून ताजा आहे. पण आज त्याला गप्प बसवून दुसरंच काही उड्या मारतं आहे. परवा, शनिवारी, मी दीपगृहाच्या त्या बेटावर जायला निघते! आता तिथे कोणालाही वर चढू देतात म्हणे, तिकीट काढून. माझ्याच घराचं तिकीट!

वैनगंगेत डोंगा चालवणाऱ्या घरातले तुम्ही, खाऱ्या पाण्यात दिवा राखायला गेलात. आईला तिथलं काहीच पटलं नाही. "या मासोळीले तळ्याची चव नाही जी," असं म्हणत ती रोज तीच मासोळी रांधायची. संध्याकाळी तुम्ही मला वर न्यायचात, भिंगावर ओरखडा नको म्हणून आधी बांगड्या काढायला लावायचात. दिवा पेटतो, माणसाहून उंच ते भिंग फिरू लागतं, उजेडाचा पट्टा समुद्रावर धावत सुटतो. मी टाळ्या वाजवते. तुम्ही म्हणता, "हळू वं, दिवा लाजते."

आणि सकाळी खोलीच्या काचांवर जाड पडदे ओढायचे, हा तुमचा पहिला नियम. भिंगातून ऊन गेलं की पलीकडचं जळतं. हे मला माहीत होतं. आईला कोणी सांगितलं होतं? तिच्या लेखी सगळ्या बेटावर तीच एक जागा कोरडी, बिनकावळ्याची. "येवढं ऊन वाया जाऊन राहिलं अन् माह्या कुरोड्या ओल्याच्या ओल्या!" म्हणत तिनं पडदा सारला, जुनं लुगडं अंथरलं, गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या पसरल्या आणि खाली भात टाकायला गेली. लुगडं धुमसू लागलं तेव्हा नेमकी सामानाची लाँच धक्क्याला लागत होती, आणि लाँचमध्ये दिव्याच्या तपासणीला आलेले साहेब. बायकोनं पडदा उघडला म्हटलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. पोरीची खोडी माफ होती. माफ! साहेब म्हणाले, "हिला शाळेत घाला, इथे रानटी होईल." लाँचच्या पुढच्या फेरीला मी किनाऱ्यावरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात. धक्क्यावर आईनं पदरात तोंड लपवलेलं, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता तिला दटावत होता, "काहून रडतं? शिकून मोठी होईल ते."

शिकले. मोठी झाले. पण सिस्टरांच्या कानावर माझी कीर्ती आधीच गेली होती. प्रार्थनेच्या वेळी मेणबत्त्या लावायची पाळी सगळ्या मुलींना मिळाली, मला एकदाही नाही. दिवा राखणाऱ्याची मुलगी मी! सुट्टीत घरी आले की तुम्ही मुकाट्यानं भिंग पुसायचं मऊ फडकं माझ्या हातात द्यायचात. ते काय उत्तर होतं? आईसुद्धा शेवटपर्यंत बोलली नाही. फक्त ताटात कुरोडी तिनं मला कधी वाढली नाही.

बॅग भरली आहे. तिच्यात कुरोड्यांची पुडी आहे. सजा भोगून झाली, गुन्हा तेवढा राहिला. वर पडदा ओढलेला दिसला तर माझा हात जागेवर राहील, अशी हमी देत नाही. तेव्हा लेखी कळवा, 'पडदा पोरीनं उघडला नव्हता.' खाली तुमची सही. तोंडी चालणार नाही. हे पत्र पर्समध्येच राहणार; तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही, ते टाकू कुठे? आणि कबूल करते, त्या ओळीपेक्षा मला तुमचं अक्षर हवं आहे. तुमच्या हातचा एक चिटोराही माझ्याजवळ नाही.

उत्तराची मुदत उद्या, शुक्रवार. दिवेलागणीच्या आत.