पहिला नंबर

मंगळवार, रात्र. बजाजनगर.

रिपोर्ट आला. ह्यांच्या छातीतून काढलेली गाठ तिच्या वेष्टनातच होती, बाहेर कुठं पसरली नव्हती. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तरी मी तिसऱ्यांदा विचारलंच.

छातीतल्या गाठीनं ह्यांच्या डोळ्याची पापणी कशी पडते, ते आज कुठं डोक्यात शिरलं. डॉक्टर म्हणाले, "थायमस नावाच्या ग्रंथीत शरीराचे राखणदार शिकतात, आपलं कोण आणि परकं कोण. तिथंच गाठ झाली, शिकवणी बिघडली, आणि राखणदार घरच्यांवरच उठले. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देईनात."

आधीच्या दवाखान्यात आम्ही वर्षभर भल्या सकाळी जायचो. पहिला नंबर मिळाला की मी लई खूश. पण पापणी सकाळी नीट असायची, पडायची ती शिफ्टवरून आल्यावर. त्या डॉक्टरला दिसणार काय? म्हणजे आजार मीच लपवला का? ह्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "मला तरी कुठं दिसला? आरशात बघायचो ते दाढी करताना, सकाळीच."

गोळ्या चालूच राहणार, ताकद हळूहळू येईल. येऊ दे. चावता चावता ह्यांचा जबडा थकायचा, म्हणून आज जेवतानाही मी सवयीनं भाकर दुधात कुस्करायला घेतली, तर ह्यांनी ताट ओढून घेतलं. कोरडी भाकर शेवटच्या घासापर्यंत चावून खाल्ली. दिवेलागण होऊन गेली होती, तरी पापणी जागेवर होती. मी तिकडंच बघत बसले, माझी भाकर गार झाली.

पुढच्या तपासणीला मी मुद्दाम संध्याकाळचा शेवटचा नंबर लावलाय.