शिशाचा सफेदा

३ फेब्रुवारी, सोमवार
ब्रश पडला. हातातून, सरळ खाली! गावकरांनी सांगितलेलं त्यांच्या वडिलांचं पोर्ट्रेट करत होतो, कपाळावरचा उजेड. मनगट वर उचलेचना. पोटात परत तीच कळ. तोंडाला लोखंडासारखी चव.
नलिनी म्हणाली, "अहो, डॉक्टरकडे चला." म्हटलं, ऍसिडिटी आहे. मीच माझा डॉक्टर!

५ फेब्रुवारी
नलिनीने आमटीत दोनदा मीठ घातलं. परवा गॅस चालू ठेवून देवळात गेली. ओरडलो तिच्यावर. हल्ली चिडतेही फार. आमचं वय झालं, दुसरं काय.

७ फेब्रुवारी
अक्षता संध्याकाळी आमच्या नातीला, मीराला, न्यायला आली. नाहूरला घरी जायचं सोडून लेकीने माझा लोंबणारा हात बघितला आणि मला ओढतच दवाखान्यात नेलं.
डॉक्टरीणबाईंनी शंभर प्रश्न विचारले. काम काय? शाळेत चित्रकला शिकवायचो, आता रिटायर. घरी ऑइलमध्ये पोर्ट्रेटं करतो. रंग कुठले? अभिमानाने सांगितलं — पांढरा मी ट्यूबमधला वापरत नाही. शिशाचा सफेदा! पूड आणतो, काचेवर जवसाच्या तेलात स्वतः घोटतो. कातडीवरचा उजेड दुसऱ्या कशाने येतच नाही. वाळला की पॉलिशपेपर मारतो. ब्रशला टोक ओठांनी.
बाईंचं पेन थांबलं. "काका, शिसं विष आहे. किती वर्षं करताय हे?"
छत्तीस.
रक्त दिलं.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. रक्तात शिसं ४६. पाचच्या आत हवं! हिमोग्लोबिनही खाली. मनगटाची नस धरली आहे — रंग बंद केले तर सुधारेल, "बहुतेक". तो शब्द बाई हळूच म्हणाल्या.
मग विचारलं, "घरात लहान मूल आहे?"
मीरा! दोन वर्षांची. अक्षता ऑफिसला जाते, पोर दिवसभर आमच्याकडे. मी दुपारी बाल्कनीत रंगवतो ते ती झोपल्यावर, पण तीच चप्पल, तोच शर्ट घालून हॉलमध्ये येतो. त्याच हाताने तिला बिस्किट देतो.
 रिक्षात अक्षता मुलुंडला आमचं घर येईपर्यंत बाहेर बघत होती.

१४ फेब्रुवारी
मीराचं रक्त काढलं. केवढी रडली! मी आत जाऊ शकलो नाही.

१६ फेब्रुवारी
सफेद्याचे डबे टेप लावून बंद केले. कचऱ्यात टाकायचे नाहीत, बाईंनी बजावलंय. गावकरांचं पोर्ट्रेट भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.
ज्या मास्तरांनी घोटायला शिकवलं, ते पन्नाशीत वेड लागून गेले. आम्ही म्हणायचो, कलावंत माणूस! आज पहिल्यांदा मनात आलं...

१९ फेब्रुवारी
मीराचं शिसं दोन. फक्त दोन! अक्षता फोनवर म्हणाली, "बाबा, पोरगी ठीक आहे," आणि रडायलाच लागली. मीही.
बाईंना कळवलं. त्याही खूश झाल्या. म्हणाल्या, "नशीब. घर फार स्वच्छ ठेवता वाटतं?"
म्हटलं, आमच्या नलिनीचं काम! मीरा यायच्या आत रोज सकाळी बाल्कनी झाडून काढते. कणभर धूळ ठेवत नाही. माझे ऍप्रनही तीच झटकून धुते.
 बाई लगेच म्हणाल्या, "काकूंना आजच घेऊन या."

२४ फेब्रुवारी
नलिनीचं शिसं ७१.
उद्या ऍडमिट करायचं आहे. तुला काय काय होतंय, असं मी तिला आज पहिल्यांदा विचारलं. पाच वर्षांपासून पोट दुखतंय, म्हणाली.