डाव्या बुटाचा तळ

३ फेब्रुवारी

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

बूट पार्सलने पाठवले आहेत. दगड पडून डावा पाय घोट्यापासून गेला, त्याला वर्ष उलटलं. नव्या कृत्रिम पायावर घरात, जिन्यात, बाजारात चालून झालं. आता मला पुन्हा कड्यावर चढायचंय. सगळ्या गिर्यारोहकांच्या बुटांना तू तळ लावतोस, माझ्याही लाव. पायथ्यापर्यंत मुरमाची वाट आहे आणि या पायातला बूट मध्येच बदलणं फार किचकट. म्हणून वाटेला आणि कड्याला एकच जोड हवा. दोन्हींना तुझं ते मऊ, चिकट रबर चालेल ना? आईला इतक्यात सांगू नकोस.

लोभ आहेच, रागावणं तेवढं आवरतं घ्यावं.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पार्सल आईच्याच हाती पडलं. बूट माझ्या टेबलावर ठेवले आणि न जेवता जाऊन पडली. मीही नकोच म्हणणार होतो. पण तू कुठली ऐकतेस. दुसऱ्याकडे जाशील आणि तो मुकाट्याने मऊ लावून देईल. मऊ रबर गुळगुळीत खडकाला धरतं, पण मुरमावर लवकर झिजतं. खडकाच्या बारीक कंगोऱ्यावर भार पडला की दबतं आणि हळूहळू सरकतं. ते सरकणं उजव्या पायाला कळेल, डाव्याला नाही. म्हणून उजव्याला मध्यम लावलंय, डाव्याला कडक. गुळगुळीत जागी डाव्यावर विसंबू नकोस, कंगोराच शोध. दोन पायांना दोन रबरं कापताना हात जड झाला.

आई विचारते, दोर कोण धरणार. तिला कळव.

जपून असावे, एवढंच मागणं.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

आईला सांग, दोर माझ्या जुन्या मैत्रिणीने धरला होता. कड्याच्या अर्ध्यावर उजवा पाय ओल्या जागी घसरला आणि सगळा भार डाव्यावर आला. तळाखालचं काहीच कळत नव्हतं. पाय सरकला तर गुडघा हलेल, म्हणून मी गुडघ्याकडे लक्ष दिलं. तो स्थिर होता. कंगोरा सुटला नाही. श्वास जागेवर आल्यावर मी वर न जाता खाली उतरले. मैत्रिणीने विचारलं, तो पाय कसा आहे. मी म्हटलं, माझा पाय ठीक आहे. त्याला ‘माझा’ मी पहिल्यांदाच म्हटलं, दादा.

पत्र आईला वाचून दाखव. घसरल्याचंही गाळू नकोस.

दोघांची माया अशीच राहू दे.

धाकटी